चार अक्षरांचा निरोप

देवाबद्दल आपण कधी काही लिहू, असं मला वाटलं नव्हतं. वीस वर्षं मी एका मराठी दैनिकाला सीमाभागातल्या बातम्या पाठवल्या. बीदर, भालकी, औराद, कमलनगर, खाली गुलबर्ग्यापर्यंत. जत्रेची बातमी लिहिताना 'नवसाला पावणारा' हा शब्द मी माझ्या मजकुरात येऊ दिला नाही. 'अशी भाविकांची श्रद्धा आहे' एवढं लिहून मोकळा व्हायचो. आमची माणसं मूळची मेंढरं राखणारी; घरात मैलार मल्लण्णाचा टाक आहे, आणि दर रविवारी त्याच्यावर भंडारा उधळला जातो. ते काम अक्काचं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि ती सोळा. तिनेच मला वाढवलं. पदराच्या टोकाला ती चिमूटभर भंडाऱ्याची गाठ बांधून ठेवायची आणि मी गावाहून निघताना ती सोडून माझ्या कपाळाला लावायची. बस वळणावर गेली की मी रुमालाने कपाळ पुसायचो. हे आधी सांगितलं पाहिजे.

त्या वर्षी पाऊस चार दिवस थांबला नाही. आमचं गाव भालकी तालुक्यात, मांजरा आणि तिला मिळणाऱ्या नाल्याच्या बेचक्यात आहे. ओढ्याला आमच्याकडे नालाच म्हणतात. तिसऱ्या दिवशी नाल्यावरचा पूल गेला. नदीचं पाणी खालच्या आळीत शिरलं, वीज गेली, टेलिफोन गेला. मोबाइल तेव्हा नुकते आले होते. गावात दोन होते, आणि दोन्ही मुके झाले. मी पुराची बातमी घ्यायला आणि अक्काला बघायला म्हणून गेलो होतो, तो तिथेच अडकलो. अक्का विधवा. तिचा मुलगा हैदराबादला एका कंपनीत पहारेकरी होता. त्याला कळवायला काही साधन नव्हतं.

साधन एकच होतं, आणि मी त्याच्याकडे पेपरातल्या तीन ओळींच्या चौकटीची बातमी म्हणून बघत होतो. पूल जाण्याच्या आदल्या दिवशी मदतीच्या ट्रॅक्टरवर बसून हैदराबादचे एक गृहस्थ आले होते. पन्नाशीचे, तेलुगू बोलणारे, बँकेत कारकून. सगळे त्यांना रावसाब म्हणत. हौशी रेडिओवाले, परवाना स्वतःचा, यंत्र स्वतःचं, रजाही स्वतःची. अशी पाच-सहा माणसं हैदराबादहून पूरग्रस्त भागात विखुरली होती. त्यांनी शाळेच्या झेंड्याच्या खांबापासून लिंबाच्या झाडापर्यंत तार ताणली, खाली ट्रॅक्टरची बॅटरी लावली आणि बीदरच्या नियंत्रण कक्षाशी बोलू लागले. दुसऱ्या सकाळी शेजारच्या गंगूबाईने त्या तारेवर ओल्या गोधड्या वाळत घातल्या आणि दोन तास बीदरला गावाचा आवाज धड गेला नाही. रावसाब रागावले नाहीत. फक्त हात जोडून म्हणाले, "अम्मा, ये बोलने का तार है." प्रत्येक बोलण्याच्या शेवटी ते 'ओव्हर' म्हणायचे, म्हणून गावानेही तो शब्द उचलला. भाकरी वाढून गंगूबाई म्हणायची, "खावा रावसाब, ओव्हर."

पाचव्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी अक्काला घोणस चावली. वेळ मी घड्याळात पाहिली होती. पुराच्या पाण्याने जनावरं वर आली होती, आणि ती कडब्याची पेंढी ओढायला गेली होती. उजव्या पायाला, घोट्याच्या वर. नऊपर्यंत पाय गुडघ्यापर्यंत सुजला. तिने चूळ भरली तेव्हा पाण्याला रक्त होतं. हिरड्यांतून रक्त येणं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. सर्पदंशाच्या मृत्यूच्या बातम्या मी लिहिल्या होत्या. लस भालकीच्या सरकारी दवाखान्यात होती. मध्ये नाला होता.

कुणीतरी मांडीला दोरी आवळली होती, कुणीतरी ब्लेड आणलं होतं. मी अक्काला गंगूबाईवर सोपवून शाळेकडे पळालो. रावसाबांनी मला बसवलं, एक कागद पुढे केला आणि म्हणाले, कमीत कमी शब्द. मी लिहिलं: बाई, वय बावन्न, घोणस, सात दहा, हिरड्यांतून रक्त, गाव तुटलेलं, बोट किंवा लस पाठवा. त्यांनी ते अक्षर न अक्षर वाचून पाठवलं. दहा मिनिटांत बीदरच्या एका डॉक्टरचं उत्तर आलं: दोरी सैल करा, कापू नका, पाय फळीला बांधा, तिला चालू देऊ नका. मी धावत जाऊन तेवढं करून घेतलं. ब्लेड हातात घेतलेला माणूस मला आजही भेटतो. त्या दहा मिनिटांवर आम्ही कधी बोललो नाही.

बोटीचं उत्तर मात्र येईना. रावसाब कानाला यंत्र लावून बसले होते. बॅटरीचा दिवा पिवळा पडत चालला होता. खिडकीत अर्धं गाव जमलं होतं. दहा वाजून दहा मिनिटांनी बीदरचा आवाज आला. तिथला बोलणारा रावसाबांच्याच गटातला होता. तो म्हणाला, निरोपातला एक शब्द मला समजत नाही, अक्षरं देतो. मग त्याने अक्षरं सांगायची त्यांची पद्धत असते तशी दिली: नोव्हेंबर, अल्फा, लिमा, एको.

खिडकीतला एक म्हातारा ओरडला, "नोव्हेंबरात यायलीय व्हय बोट? तवर बाई ऱ्हाईल का?"

कुणी हसलं नाही. रावसाबांनी कागद माझ्याकडे सरकवला. इंग्रजी मोठ्या अक्षरांत होतं: BOAT NALE. PATIENT READY. मी वाचलं, बोट नाले, पेशंट रेडी. खिडकीकडे वळून सांगितलं, "बोट नाल्यावर यायलीय. अक्काला तिकडं न्यायचंय."

मग सवयीने मी रावसाबांना म्हणालो, एकदा खात्री करून घ्या, नाल्यावर नेमकं कुठे, पुलाजवळ की वर? ते म्हणाले, "मैं सिर्फ़ अक्षर लेता हूँ, मतलब नहीं. पूछता हूँ." त्यांनी बटण दाबलं आणि दिवा गेला. दुसरी बॅटरी पाण्यात भिजलेली. ही ट्रॅक्टरवर चढवून भरायची तर निदान दोन तास. दोन तासांनी काय विचारायचं आणि कुणासाठी, असा प्रश्न होता.

डॉक्टरने हलवू नका म्हटलं होतं. नाला तीन किलोमीटर, सगळा चिखल. बोट आली आणि आम्ही नसलो तर ती परत जाणार. आम्ही गेलो आणि बोट नसली तर हेलकाव्यांनी विष चढणार. ज्याची खात्री नाही ते छापायचं नाही, एवढा एकच नियम मी वीस वर्षं पाळला होता. त्या दिवशी खात्री नसलेल्या ओळीवर मी माझी बहीण बाजेवर घातली. निर्णय माझा होता, हे इथे नोंदवून ठेवतो.

चौघांनी बाज उचलली. पुढे शिवण्णा होता, आमच्या वरच्या शेताचा शेजारी, घरी कन्नड बोलणारा. पाऊस बारीक झाला होता. अक्काचा पाय फळीला बांधलेला, तोंडावर छत्री, छत्री माझ्या हातात. तिच्या ओठांच्या कडेला रक्त वाळत होतं आणि पुन्हा ओलं होत होतं. मी दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होतो. एकदा ती म्हणाली, "तम्मा, सारखं घड्याळ कामून बघायलास? ते काय पुढं पळंल व्हय?" आमच्याकडे धाकट्या भावाला तम्मा म्हणतात, शब्द कन्नडचा. बाराला पाच मिनिटं कमी असताना आम्ही नाल्यावर पोचलो.

बोट नव्हती. तुटलेल्या पुलाचे दोन खांब होते आणि त्यांच्यामधून तपकिरी पाणी मोठ्या आवाजाने जात होतं. शंभर फूट रुंद असेल. पलीकडे बाभळी, त्यामागे मोकळा रस्ता. अर्धा तास आम्ही वर-खाली शोधलं. मग शिवण्णा चिखलात बसला आणि म्हणाला, "अण्णा, चिठ्ठीत नेमकं काय हाय, वाच बघू एकदा."

मी खिशातून कागद काढला. "बोट नाले. पेशंट रेडी."

त्याने मान वर केली. "नाले कसं? नाल्यावर म्हणायचं तर तसं लिवतील की. त्ये नाळे असंल, अण्णा. बीदरचा सायेब कन्नड. नाळे म्हंजे उद्या."

मला कन्नड येतं. सीमेवरच्या माणसाला कन्नडचा कुठलाही शब्द आला नाही तरी हा एक येतो, कारण प्रत्येक कचेरीच्या खिडकीतून तो त्याला ऐकवला जातो: नाळे बा, उद्या ये. तो शब्द मी हजारदा ऐकला होता, त्याच्यावर चिडलो होतो, बातम्यांत त्याची थट्टा केली होती. त्या सकाळी मात्र मी तो नाला म्हणून वाचला, कारण इंग्रजी अक्षरांत ळ नसतो, आणि कारण मला नाल्यावर बोट हवी होती. बोट उद्या येणार होती. मी अक्काला घरातून उचलून, पाण्याच्या काठावर, काही नसलेल्या जागी आणून ठेवलं होतं.

बाकीचे परत फिरायचं का यावर हळू आवाजात बोलत होते. मी बाजेजवळ गुडघ्यांवर बसलो. अक्काला सांगितलं, "अक्का, माझं चुकलं. बोट आज न्हाई."

तिने डोळे उघडले. आवाज जड झाला होता. "न्हाई तर न्हाई. पदराची गाठ सोड."

गाठ ओली होती, सुटायला वेळ लागला. भंडारा भिजून त्याचा गोळा झाला होता. तिने डोळ्यांनीच माझ्या कपाळाकडे खूण केली, स्वतःच्या नव्हे. मी तो आधी तिला लावला, मग मला. काही मागितलं नाही. मागायला सुचलं नाही, हे खरं. एवढंच आठवतं की त्या क्षणी मी घड्याळाकडे बघायचं थांबलो. करण्यासारखं होतं ते मी केलं होतं, तेही चुकीचं. आणि आता माझ्या हातात काही उरलं नव्हतं. लहानपणी मांजरेत पोहायला शिकताना अक्का पोटाखालचा हात काढून घ्यायची तेव्हा व्हायचं, तसं काहीसं झालं.

मग पलीकडून हॉर्न वाजला.

बाभळींमागून एक जुनी जीप आली. वर काठीला बांधलेली लांब तार हलत होती. पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ उतरले, दोन्ही तळवे तोंडाशी धरून ओरडले, "किश्ती किधर है मियाँ?"

शिवण्णा ओरडला, "तुम लानेवाले थे ना?"

"हम? नक्को बाबा, हम तो गाड़ी लाए! नाले पेच बोले थे ना?"

हे बीदरचे खानसाब, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. तेही हौशी रेडिओवाले. पलीकडे चार किलोमीटरवर मोठ्या रस्त्याच्या गावात त्यांना बसवलं होतं. त्यांच्या यंत्रावर आमचं सगळं बोलणं ऐकू येत होतं. तीच चार अक्षरं त्यांनी लिहून घेतली, आणि मी वाचलं तेच वाचलं. बोट नाल्यावर येणार, मग बाईला पुढे दवाखान्यात न्यायला गाडी लागेल, हे कुणी सांगितलेलं नाही, म्हणून ते आपण होऊन निघाले होते. आम्ही बोटीच्या आशेने आलो होतो, ते बोटीतून उतरणाऱ्या बाईसाठी आले होते, आणि बोट नव्हती.

त्यांनी बाजेकडे एकदा पाहिलं. "रुको," म्हणाले आणि जीप वळवली. वीस मिनिटांत परत आले. मागे एका गुऱ्हाळावरचे दोघे भाऊ होते आणि जीपच्या टपावर उपडी घातलेली काहील, उसाचा रस आटवायची लोखंडी कढई, बैलगाडीच्या चाकाहून मोठी. पुरात आमच्याकडची माणसं तिच्यात बसून पाणी ओलांडतात. भावांनी तिला दोर बांधला, दोराचं टोक बाभळीला गुंडाळलं आणि वरच्या अंगाने ती पाण्यात सोडली. धाकटा भाऊ आत, हातात फळी. काहील गरगर फिरत आमच्या काठाला लागली.

"मी येतो सोबत," मी म्हणालो.

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "न्हाई जमायचं, अण्णा. अक्का हलक्या हायेत. तुम्ही पेपरात बसून बसून जड झालाव."

आम्ही तिला फळीसकट आत ठेवलं. हात सोडावा लागला. मध्यावर एक वाहतं झाड काहिलीला घासून गेलं, ती एका बाजूला कलली आणि पाणी आत आलं. पलीकडे खानसाब आणि थोरला भाऊ दोर धरून मागे रेलले होते. खानसाबांचे पाय चिखलात घसरत होते. धाकटा अक्काच्या छातीवर आडवा झाला, तिला आपल्या अंगाने दाबून धरलं आणि एका हाताने फळी मारत राहिला. किती वेळ गेला ते मी सांगू शकत नाही. त्या दिवसातली ही एकच गोष्ट आहे जिची वेळ माझ्याकडे नाही. मग काहील पलीकडच्या चिखलात रुतली. अक्काला जीपमध्ये ठेवलं, हॉर्न वाजला आणि जीप गेली.

आम्ही गावात परतलो. रावसाबांनी बॅटरी ट्रॅक्टरवर चढवली होती, पण डिझेल चाळणीतून गाळून घालावं लागत होतं आणि इंजिन पुन्हा पुन्हा बंद पडत होतं. मी शाळेच्या पायरीवर बसलो. पाच वाजता यंत्राचा दिवा लागला. पाच वाजून वीस मिनिटांनी खानसाबांचा आवाज आला. रावसाब लिहू लागले, आणि लिहिता लिहिता थांबले. त्यांना शब्द कळेना. त्यांनी अक्षरं पुन्हा मागितली, ती तशीच आली. त्यांनी मला कागद दाखवला: AKKA ASK TAMMA ATE.

"टम्मा मतलब?" त्यांनी विचारलं.

"मैं," मी म्हणालो. "अक्का पूछ रही है, मैंने खाना खाया क्या." गंगूबाई खिडकीतून म्हणाली, "त्याला सांगा रावसाब, तम्मानं सकाळपासून पाणी बी पिलं न्हाई, ओव्हर." मग तीच रडायला लागली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता सरकारी बोट आली. नाळे म्हटलं होतं, नाळे आली. पूर ओसरल्यावर मी दवाखान्यात डॉक्टरांना विचारलं, उद्यापर्यंत थांबलो असतो तर? ते म्हणाले, ते विचारू नका, ती जेवायलीय ते बघा.

मी धंद्याच्या सवयीने सगळा माग काढला. बीदरच्या कक्षातल्या कारकुनाने उत्तर लिहून दिलं होतं, इंग्रजी लिपीत, कारण रेडिओचा फॉर्म इंग्रजीत असतो. बोलणाऱ्याने एक अक्षर बदललं नाही, कारण बदलायचं नाही असा त्यांचा नियम. रावसाबांनी एक अक्षर गाळलं नाही. खानसाबांनी बरोबर तेच उतरवलं. आपापल्या जागी प्रत्येक जण अचूक होता, आणि त्या अचूकपणातून दोन काठांवर दोन माणसांनी एकच चूक केली. यांतल्या एकाने जरी शब्द सुधारून सांगितला असता तरी नाल्यावर कुणीही आलं नसतं. रेडिओवाल्यांच्या कामावर मी सविस्तर बातमी दिली, त्यांचे आभार मानले. ही ळ ची गोष्ट तिच्यात घातली नाही. ती कुठल्या पानावर बसेल ते मला कळलं नाही.

अक्काला मात्र सगळं सांगितलं, ती घरी आली त्या रविवारी. वाटलं, ती म्हणेल चमत्कार झाला. ती भंडारा चाळत होती. म्हणाली, "चूक कसली त्यात, तम्मा? मल्लण्णा कन्नडवाल्यांचा बी हाय, आपला बी हाय. त्याला दोन्ही येतंय."

मी अजूनही शब्द दोनदा तपासतो. तिसऱ्यांदा फोन करून खात्री करतो. ते सोडलेलं नाही आणि सोडू नये. पण तपासून झाल्यावर जिथे हात पोचत नाही तिथे पूर्वी मी मुठी आवळून उभा राहायचो, आता तसा राहत नाही. रावसाब, खानसाब आणि ते दोघे भाऊ यांचा मी ऋणी आहे, आणि ज्याने त्यांना त्या वेळी तिथे उभं केलं त्याचाही. कपाळावरचा भंडारा मी आता बसमध्ये पुसत नाही.

बोटीच्या निरोपाचा तो कागद अक्काने मागून घेतला आणि देव्हाऱ्यात टाकाजवळ ठेवला. दर रविवारी टाकाबरोबर त्याच्यावरही भंडारा पडतो. मागच्या खेपेला मी तो उचलून पाहिला. कागद पिवळाधमक झाला आहे, अक्षरं बुजली आहेत. नाळे होतं की नाले, आता वाचता येत नाही.